जातो म्हणू नये

अंबरनाथ पूर्वेला लग्न जुळवायचं तर तीन गोष्टी लागतात: मुलगा, मुलगी आणि कुंदाकाकू टिपणीस. पहिल्या दोन नसल्या तरी चालतं, त्या काकू शोधून आणतात.

शिवदर्शन सोसायटीच्या तळमजल्यावर काकूंचं वधू-वर सूचक केंद्र आहे. केंद्र म्हणजे त्यांचीच पुढची खोली, एक सोफा आणि काकूंचं तोंड. या तोंडाबद्दल काय सांगावं! देवाने कुणाला गळा दिला, कुणाला हातगुण दिला, काकूंना सल्ला दिला. समोरच्याने 'अहो काकू, जरा...' एवढं म्हणायचा अवकाश, पुढचं काकूच बोलणार, वर त्यावरचा उपायही सांगणार, आणि तो उपाय बहुतेक वेळा लग्न हाच असणार. गुडघे दुखतात? सून आणा. मुलगा रात्री उशिरा येतो? लग्न करून टाका. लग्न झालंय आणि तरी उशिरा येतो? मग बायकोला घेऊन या, मी बोलते तिच्याशी.

या सगळ्याच्या शेजारी शंकरराव पेपर वाचत बसलेले असतात. शंकरराव म्हणजे काकूंचे यजमान, फॅक्टरीतून निवृत्त. मशीनवर आयुष्य गेल्यामुळे कान गेले. मुलाने हौसेने कानाचं यंत्र आणून दिलंय, ते खिशात असतं. घरात ते कधी घालायचं आणि कधी काढायचं हे त्यांना बरोबर कळतं. संसार सुखाचा झाला तो काय उगाच नाही.

तर अशा या काकूंनी एक दिवस जाहीर केलं की आता आपण लोकांचं ऐकणार. सोसायटीत कुणी विश्वास ठेवला नाही.

झालं होतं असं. वरच्या मजल्यावरच्या दिनानाथ खोपकरांचा यज्ञेश दोन वर्षांपूर्वी गेला. आजाराने नाही, अपघाताने नाही. एकतिसाव्या वर्षी स्वतःच जीव दिला पोराने. त्या दिवसापासून सोसायटीने जी जीभ आवरली ती आवरलीच. कुणी 'तो प्रकार' म्हणायचं, कुणी नुसतं वर बघायचं, पण यज्ञेशचं नाव कुणी घेईना. काकूंनीसुद्धा घेतलं नाही, म्हणजे बघा. मग तिसऱ्या मजल्यावरची श्रद्धा, जी काकूंच्या डोळ्यांदेखत फ्रॉकमध्ये फिरायची आणि आता इस्पितळात समुपदेशक झालीये, तिने पुढाकार घेतला. म्हणाली, गप्प बसून भागायचं नाही. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी जमायचं, लोकांशी बोलायला शिकायचं, कुणी आतून खचलं असेल तर ओळखायला शिकायचं. नाव ठेवलं 'मनमोकळं मंडळ'.

"बोलायचंच आहे ना? मग पहिलं नाव माझं लिही," काकू म्हणाल्या.

"काकू, ऐकायचं आहे," श्रद्धा म्हणाली.

"तेच गं ते."

पहिल्याच शनिवारी श्रद्धाने सराव ठेवला. ती स्वतः झाली खचलेला मुलगा, आणि काकूंनी फक्त त्याचं ऐकायचं होतं. श्रद्धा मान खाली घालून बसली. म्हणाली, "मला आता कशातच काही वाटत नाही."

"वय किती?" काकूंनी विचारलं.

"अठ्ठावीस."

"उंची?"

"काकू..."

"मंगळ आहे का? नसेल तर बेलवलीला एक मुलगी आहे, बी.एस्सी., गोरी, घरचा पोळपाट मोडेल इतक्या पोळ्या लाटते."

"काकू, मी जीव द्यायच्या विचारात आहे!"

"असं पहिल्या भेटीत मुलीसमोर बोलू नकोस हं," काकूंनी समजावलं.

हॉलमध्ये हशा पिकला. श्रद्धाने डोक्याला हात लावला, पण ती चिकाटीची पोरगी. तिने पुन्हा पुन्हा सांगितलं: सल्ला द्यायचा नाही. 'होईल सगळं छान' म्हणायचं नाही. 'लोकांना तुझ्याहून मोठी दुःखं आहेत' हे तर चुकूनसुद्धा नाही. आणि शंका आली तर आडून आडून विचारायचं नाही, सरळ विचारायचं: जीव द्यावासा वाटतोय का? विचारल्याने कुणाच्या डोक्यात तसलं काही भरत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं होतं.

"सरळ विचारायचं?" काकू हबकल्या. आजवर पगार सरळ विचारला, पोटाचा घेर सरळ विचारला, पण हे? त्यांच्या तोंडून ते वाक्य काही निघेना. 'जीव' म्हणाल्या की पुढे 'लावणं' यायचं.

घरी येऊन त्यांनी शंकररावांना सांगितलं, "अहो, गप्प बसणं फार अवघड आहे."

"मला विचार," शंकरराव म्हणाले. "चाळीस वर्षं करतोय. तोंडात काहीतरी ठेव."

मग आवळासुपारी आली. कुणी बोलायला लागलं की काकू एक फोड गालात ठेवत आणि ती चघळून संपेपर्यंत बोलत नसत. पहिल्या महिन्यात पाव किलो संपली. पण सोसायटीतल्या लोकांना प्रथमच आपली वाक्यं पूर्ण करायला मिळू लागली, काहींना तर शेवटी काय बोलायचं तेच सुचेना.

आता मंडळात श्रद्धाने खुणाही शिकवल्या होत्या. माणूस जिवापाड जपलेल्या वस्तू देऊन टाकायला लागला, निरोप घेतल्यासारखं बोलायला लागला, तर कान टवकारायचे. काकूंनी यातलं 'निरोप' तेवढं घट्ट धरलं. कारण निरोपाचं शास्त्र आपल्याकडे आधीच ठरलेलं आहे. घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं. जाणारा जातोच, पण शब्दाने तरी परत यायचं कबूल करून जातो. आणि या बाबतीत सोसायटीचे फौजदार म्हणजे दिनानाथ खोपकरच. संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर बसायचे, आणि कुणी 'चला, जातो' म्हटलं की आलाच आवाज: "जातो नाही, येतो म्हणावं!" सिलिंडरवाला असो की बिहारचा वॉचमन, सुटका नाही. त्या वॉचमनला मराठीतला एवढा एकच शब्द येतो. तो गेटवर आलेल्या माणसालाही 'येतो' म्हणतो आणि जाणाऱ्यालाही.

तर काकूंनी ठरवलं: जो 'जातो' म्हणेल त्याच्यावर नजर ठेवायची.

आणि पहिले सापडले हरेशभाई.

हरेशभाईंचं उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये कापडाचं दुकान. काकूंनी जुळवलेल्या प्रत्येक लग्नाचा बस्ता तिथेच बांधला जातो, त्यामुळे दोघांचं बहीण-भावासारखं. एका सकाळी काकूंनी फोन केला तर हरेशभाईंचा आवाज एकदम थकलेला. "दीदी, बस झाला आता. बहुत साल केला. सगळा समेटायला घेतला. माझी ती गादीवाली खुर्ची पण चायवाल्याला देऊन टाकली. चला, मी जातो." आणि फोन बंद.

खुर्ची दिली! बापाच्या वेळची ती खुर्ची, त्यावर गिऱ्हाइकाने पर्स ठेवलेली सुद्धा हरेशभाईंना खपत नसे. आणि वर 'जातो'! परत लावला तर फोन लागेना. काकूंनी शंकररावांना रिक्षात कोंबलं, वाटेत श्रद्धाला फोन लावला, ती 'काकू, एकांतात विचारा, शांतपणे विचारा' असं सांगत होती, पण रिक्षाच्या आवाजात काकूंना 'विचारा' एवढंच ऐकू आलं.

दुकानात लग्नसराईची गर्दी. एका नवरीची आत्या खांद्यावर शालू टाकून आरशासमोर उभी. काकू गर्दीतून वाट काढत काउंटरशी पोहोचल्या, आणि जे वाक्य हॉलमध्ये महिनाभर निघालं नव्हतं ते खणखणीत आवाजात निघालं:

"हरेशभाई! जीव द्यावासा वाटतोय का?"

आत्याच्या खांद्यावरून शालू घसरला. हरेशभाईंच्या हातातला मीटर तसाच हवेत राहिला.

"अरे साईं," ते म्हणाले, "जीव कशाला? शहाडला जातोय! नवीन दुकान घेतला शहाडला! एसी आहे, खुर्ची कशाला पायजे तिथे?"

"मग 'जातो' कशाला म्हणालात?"

"तो क्या बोलू? जाणार आहे तर जातोच बोलणार ना!"

सिंधी माणूस, हिंदीतून मराठी बोलणार, त्याला काय ठाऊक आपली ही भानगड. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. संध्याकाळपर्यंत हरेशभाई गेल्याची बातमी कॅम्प पाचपर्यंत पोहोचली, आणि पाचही कॅम्पांतले नातेवाईक दाल-पकवानाचे डबे घेऊन त्यांच्या दारात. हरेशभाईंनी रात्री फोन करून काकूंवर चांगलंच तोंडसुख घेतलं. मग जरा थांबून म्हणाले, "पण एक बोलू दीदी? इतके लोक आले मी जिवंत आहे का बघायला. मेव्हणा पण आला, दहा साल बात बंद होती. पुढच्या टायमाला विचारायचं असेल तर गोडाऊनमध्ये घेऊन विचारा."

इकडे सोसायटीला विषय मिळाला. शंकररावांनीच सगळं रंगवून सांगितलं, घरभेदी माणूस! मग काय, जो तो बाकावरून उठताना हात जोडून: "काकू, येतो हं! येतो, येतो, जीव बीव देत नाही!" पोरंटोरं शाळेत जाताना ओरडायची. दूधवाला म्हणायचा. काकू वरवर हसायच्या, पण त्यांना मनापासून लागलं होतं. इतकं वय झालं, लोकांनी नावं ठेवली असतील, पण असं हसं कधी झालं नव्हतं. पुढच्या शनिवारी त्या मंडळात गेल्याच नाहीत. डोकं दुखतंय म्हणाल्या.

अशाच एका संध्याकाळी बाकावर मंडळी जमली होती. दिनानाथही होते. ते रोज यायचे आणि कडेला बसायचे, आणि ते आले की बाकीचे मुलाबाळांचा विषय सोडून पाण्याच्या टाकीवर बोलायला लागायचे. त्या टाकीवर गेल्या दोन वर्षांत इतकी चर्चा झाली की धरण बांधून झालं असतं. त्या दिवशी दिनानाथांनी आपला जुना ट्रान्झिस्टर आणला होता, तो शंकररावांच्या मांडीवर ठेवला. "तुझ्याकडेच राहू दे," म्हणाले. मग पांगापांग सुरू झाली. "येतो काकू, येतो!" असा गलका, हशा, आणि त्या हशाच्या मागे दिनानाथ उठले आणि हळूच म्हणाले, "बरं. जातो."

काकूंना ते ऐकू आलं. दिनानाथ खोपकर 'जातो' म्हणाले! काकू उठायला गेल्या आणि परत बसल्या. परत तेच? उद्या हेही शहाडला निघालेले असले म्हणजे? काय म्हणतील लोक, पोर गेलेल्या बापाच्या दारात जाऊन हिने तमाशा केला. नकोच ते. त्यांनी तोंडात सुपारी टाकली आणि गप्प बसल्या.

शंकररावांनी कोपराने ढोसलं. "कुंदा, दिन्या 'जातो' म्हणाला."

"तुम्हाला कसं ऐकू आलं? यंत्र तर खिशात आहे."

"ऐकू नाही आलं. दिसलं मला." त्यांनी मांडीवरच्या ट्रान्झिस्टरकडे बघितलं. "आणि हा त्याच्या बापाचा आहे गं. जा तू. हसले लोक तर हसू देत."

काकू जिना चढल्या. दिनानाथांनी दार उघडलं. घर एरवीपेक्षा नीटनेटकं होतं, टेबलावर एक कागद नाही, खुर्चीवर एक टॉवेल नाही. दिनानाथांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी सई बेलवलीला सासरी, घरात एकटा माणूस. काकू बसल्या. दिनानाथही बसले. काकू काही बोलेनात.

"वहिनी, तोंड आलंय का तुमचं?" शेवटी दिनानाथांनीच विचारलं.

काकूंनी मान हलवली. सुपारी गालात सरकवली. दुकानातला तो खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे, अगदी बारीक आवाजात त्या म्हणाल्या, "भावजी, जीव द्यावासा वाटतोय का?"

आता हे हसतील, काकूंना वाटलं. देवा, हसू दे रे यांना.

"हो," दिनानाथ म्हणाले.

काकूंच्या तोंडाशी एका दमात सगळं आलं. अहो असं काय म्हणता, सईचा विचार करा, देव आहे ना, दिवस जातील, त्र्यंबकेश्वरला जाऊन या. सगळं आलं आणि सुपारीमागे अडलं. त्यांनी ती दाताखाली घट्ट धरली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण तोंड उघडलं नाही.

दिनानाथ बोलायला लागले. जमिनीकडे बघत, थांबत थांबत. "त्या दिवशी सकाळी तो निघाला. मी पेपर वाचत होतो. दारातून म्हणाला, 'बाबा, जातो.' मी पेपरमागूनच म्हटलं, 'जातो नाही, येतो म्हणावं.' हसला तो. म्हणाला, 'बरं बाबा, येतो.'" त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मी शब्द सुधारला, वहिनी. मान वर करून पोराकडे बघितलं नाही."

तेव्हा काकूंच्या लक्षात आलं. दोन वर्षांत बाकावर तो आवाज आलाच नव्हता. 'जातो नाही, येतो' एकदाही नाही. सगळ्या सोसायटीला पाठ असलेलं वाक्य थांबलं, आणि टाकीच्या गप्पांत कुणालाही ते कळलं नाही. आणि गेले कित्येक दिवस सगळे ह्यांच्याच समोर हात जोडून, हसत हसत, 'येतो, येतो' करतायत! काकूंना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

सुपारी संपली. आता बोलायला हरकत नव्हती, पण सल्ला एकही आठवेना. म्हणून त्यांनी जे आठवलं तेच सांगितलं.

"यज्ञेशला मी एकदा कांदेपोह्यांना घेऊन गेले होते," त्या म्हणाल्या.

दिनानाथांनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी या घरात ते नाव दुसऱ्या कुणी घेतलं होतं.

"मुलीने विचारलं, तुमच्या अपेक्षा काय? तर हा म्हणतो, थोडं लिंबू असतं तर बरं झालं असतं. दोन प्लेटी खाल्ल्या मेल्याने! आणि निघताना मुलीच्या आईला सांगतो, मुलीचं विचार करून कळवतो, पोहे मात्र पसंत आहेत. मला रस्ताभर तोंड दाखवायला जागा नाही."

"हे मला नव्हतं सांगितलं त्याने," दिनानाथ म्हणाले.

"कसं सांगेल? मला म्हणाला, काकू, बाबांना सांगू नका, ते मराठी सुधारायला बसतील."

दिनानाथ हसले, आणि हसता हसता रडायला लागले, मोठ्याने, लहान मुलासारखे. काकूंनी त्यांना थांबवलं नाही. त्याही रडल्या. मग पदराने नाक पुसून म्हणाल्या, "भावजी, आज तुम्हाला एकटं सोडायची नाही मी. रागवा हवं तर."

श्रद्धाला फोन गेला, ती धावत खाली आली. सई बेलवलीहून नवऱ्याच्या स्कूटरवर आली. शंकरराव ट्रान्झिस्टर घेऊन वर आले, म्हणाले, "याची बॅटरी गेलीये, तुझं तूच बघ," आणि ठाण मांडून बसले, यंत्र कानात घालून. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून दिनानाथांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. गोळ्या सुरू झाल्या, शनिवारी मंडळात यायला लागले. बाकावर काकूंनी सगळ्यांना दम भरला: पाण्याची टाकी बंद, यज्ञेशचं नाव घ्यायचं, घाबरायचं नाही. पहिल्यांदा सगळे चाचरले. मग वॉचमनच हिंदीत म्हणाला की यज्ञेशभाईने आपल्याला सायकल दिली होती, आणि तिथून गाडी रुळावर आली.

पण काही एकदम बरं होत नाही. कधी दिनानाथ जेवायचे, कधी ताट तसंच. कधी दार उघडायला वेळ लावायचे आणि तेवढ्यात काकूंचा जीव वर-खाली व्हायचा. काकू रोज दुपारी जायच्या. निघताना जपून, अगदी ठासून म्हणायच्या, "भावजी, येते." दिनानाथ नुसतं "हं" म्हणायचे. पावसाळा असाच गेला.

तुळशीच्या लग्नानंतरची गोष्ट. काकूंच्या हातात दोन लग्नं, शहाडच्या नव्या दुकानात बस्त्याला मंडळी पोहोचलेली, हरेशभाईंचा फोनवर फोन. काकू दिनानाथांकडे डबा ठेवायला आल्या त्या घाईतच. एक चप्पल पायात, एक हातात, मोबाइल मान वाकवून खांद्याशी दाबलेला.

"चला भावजी, जाते मी," म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या.

दोन पायऱ्या उतरल्या असतील नसतील, मागून आवाज आला. घोगरा, रागावलेला, सगळ्या जिन्यात घुमणारा.

"जाते नाही! येते म्हणावं, येते!"

काकू जागच्या जागी थांबल्या. मोबाइलमधून हरेशभाई 'दीदी, दीदी' करत होते. वर दारात दिनानाथ उभे होते, कपाळाला आठ्या घालून, अगदी पूर्वीसारखे.

"हरेशभाई, मंडळींना चहा पाजा," काकू फोनमध्ये म्हणाल्या. "मला उशीर होईल."

आणि वर बघून जमेल तेवढ्या मोठ्याने त्यांनी सांगितलं, "येते हो भावजी, येते," आणि तिथूनच वळून त्या परत वर आल्या.